चुलीतली मोकळी जागा

मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या यात्रेला आलेला माणूस देवळं पाहतो, आणि ती आहेतच पाहण्यासारखी. वैनगंगा इथे वळून उत्तरवाहिनी होते. तिच्या काठावरच्या वालुकाश्माच्या भिंतींवर बोट टेकवायला कोरी जागा सापडत नाही. अलेक्झांडर कनिंगहॅम 1870च्या दशकात इथे आला आणि त्याने अहवालात या देवळांचं मन लावून वर्णन केलं. तेव्हापासून इथल्या मूर्तींचं रसग्रहण करणाऱ्यांचा तोटा नाही. मी मात्र देवळाकडे पाठ करून खाली वाळूत उतरणार आहे. तिथे उपास सुटण्याच्या सकाळी जागोजागी धूर उठलेला असतो, आणि त्या धुराखालीही एक घडवलेली गोष्ट असते. तिच्याकडे थांबून पाहावं असं फारसं कुणाला वाटत नाही.

आम्ही चौघं दर हिवाळ्यात तंबू घेऊन नदीकाठी कुठे ना कुठे मुक्काम करतो, आणि दर वर्षी एकच वाद होतो: सोबत चूल कोणती न्यायची? मला त्याचं उत्तर मार्कंड्याच्या वाळूत एका आजीनं दिलं. मी उत्साहानं नदीतले तीन गुळगुळीत गोटे उचलून आणले होते. तिनं शेजारून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘नदीतला गोटा नोको, तापला का फुटते. आन् वारा कोनीकडून येते ते पाय पयले, मंग धोंडे मांड.’’ ओल्या गोट्याच्या आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि दगडाची कपची उडते. हे कारण मला नंतर कळलं. आजीला ते हातांनी ठाऊक होतं.

मग मी तिची चूल पाहत बसलो. काठावरून आणलेले तीन कोरडे, खडबडीत धोंडे. पुढचे दोन जरा फाकवलेले, तिसरा मागे. तोंड वाऱ्याला थेट दिलेलं नव्हतं, किंचित तिरकं होतं. थेट दिलं असतं तर जाळ पातेल्याखालून पळून मागे गेला असता. पाठ दिली असती तर धूर तिच्याच डोळ्यांत आला असता. पातेलं धोंड्यांच्या टोकांवर टेकलेलं, खाली दोन बोटांची फट. चुलीत एका वेळी तीनच काटक्या, तिन्हींची टोकं मध्ये एकमेकींना भिडलेली. टोक जळालं की ती काटकी पुढे सारायची. डाळ उतू जाऊ लागली की तिनं एक काटकी मागे ओढली. ती ओढताच आच उतरली. गॅसची कळ फिरवावी तितक्या सहजपणे.

वरच्या देवळात मूर्तिकारानं दगड भरून टाकला आहे. इथे तीन दगडांची सगळी किंमत त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत होती. चूल वाचायची म्हणजे ती जागा वाचायची: हवा कुठून शिरते, जाळाला उभं राहायला किती उंची आहे, आणि काम संपलेली गरम हवा पातेल्याला शेवटची कुठे शिवून जाते.

लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण आधी ते तापतं आणि वायू सोडतं. तो वायू पेटला की जाळ, न पेटता निसटला की धूर. म्हणजे डोळे चुरचुरवणारा धूर हे वाया गेलेलं सरपणच आहे. वायू पेटायला पुरेशी ऊब लागते, हवा नीट मिसळावी लागते, आणि पातेल्याच्या गार बुडाला लागण्याआधी त्याला थोडा अवधी मिळावा लागतो. तीन धोंड्यांमध्ये हवा भरपूर असते. ऊब चहूकडे पांगते आणि अवधी फार थोडा मिळतो. आजीची चूल सुंदर होती, तरी ती फुंकणी हातातून खाली ठेवत नव्हती. घराच्या चार भिंतींत हाच धूर बायकांच्या छातीत जातो, त्यामुळे तीन धोंड्यांचं कौतुक मी उघड्या वाळूपुरतंच करतो.

बरोबर नेण्याच्या चुलीकडे आता याच नजरेनं पाहू या. पहिली माझी लाडकी आहे: पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याची चूल. डब्याला पुढून चौकोनी तोंड कापलेलं, आतून माती आणि भुशाचा जाड लेप, वर पातेलं टेकायला तीन उंचवटे. वरवर पाहता ओबडधोबड. पण आत पाहिलं की कळतं, धोंड्यांच्या चुलीत जी ऊब पांगते ती इथे मातीनं धरून ठेवली आहे. आतली भिंत एकदा तापली की कच्चा धूरही तिथे पेटतो. तीन उंचवटे सारखे नसतील तर पातेलं डुगडुगतं; फारच बुटके असतील तर पातेलं तोंडावर बसतं आणि चूल गुदमरते. तेवढी फट बरोबर ठेवणारा कारागीर मला मोठा वाटतो. वजन मात्र आहे, आणि गाडीत धक्के बसले की लेपाला चिरा जातात. चिरा बुजवायला ओली माती लागते, ती नदीकाठी मिळतेच.

भुशाची शेगडी हे आरागिरण्यांच्या गावांचं देणं. सागाच्या लाकडासाठी नाव असलेल्या आलापल्ली-बल्लारपूरच्या या मुलखात भुशाला काय तोटा? डब्याच्या मध्यभागी बाटली उभी करायची, बाजूच्या भोकातून एक दांडा तिच्या बुडाला भिडवायचा, भोवती भुसा ठेचून ठेचून भरायचा आणि मग बाटली, दांडा अलगद फिरवत काढून घ्यायचे. उरतो तो भुशातला एक कोन. खाली पेटवलं की भुसा आतून बाहेर सावकाश जळत जातो, तासन् तास, मधे हात न लावता. इथे तर इंधनच चुलीची भिंत होतं आणि जळता जळता मोकळी जागा स्वतःच रुंदावत जाते. इतकी नेटकी कल्पना मी दुसऱ्या कुठल्या चुलीत पाहिली नाही. मुक्कामाला ती नेत नाही, कारण भुसा दवानं ओला झाला की सगळं संपलं, आणि पेटलेली शेगडी मधेच विझवणं कठीण.

याच्या पुढची पिढी म्हणजे काटकोनी नळीची चूल, जगभर ‘रॉकेट’ या नावानं ओळखली जाणारी. अमेरिकेतल्या लॅरी विनियार्स्की यांनी 1980च्या दशकात ती घडवली. आडव्या नळीत काटक्या एका फळीवर, फळीखालून हवा. उभी नळी उष्णता धरून ठेवणारी. धोंड्यांच्या चुलीत नसलेला अवधी ही उभी नळी देते. काटकी पुढे सारायची, मागे ओढायची ही आजीची रीत मात्र तिच्यातही जशीच्या तशी आहे. आपल्याकडे नेण्याजोग्या चुलींसाठी भारतीय मानक 13152 आहे, 1991 सालचं, 2013 मध्ये सुधारलेलं. आपोआप हवा ओढणाऱ्या चुलीनं लाकडातली किमान 25 टक्के उष्णता पातेल्यात पोचवावी, पंख्याच्या चुलीनं 35 टक्के, असं ते सांगतं. विकत घ्यायची असेल तर चुलीवर हा आकडा शोधावा. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेच्या सराई कुकरनं तर भांड्यांभोवतीच कवच घातलं आणि शंभर ग्रॅम कोळशाच्या कांड्यांवर घरचा स्वयंपाक बसवला. लाकडाची ती चूल नव्हे, पण पातेल्याभोवतीची जागा किती मोलाची आहे हे तिच्याकडून शिकावं.

घडीच्या पत्र्याच्या चुलींबद्दल थोडक्यात सांगतो. एक मी हौसेनं घेतली होती. पाठपिशवीत वहीसारखी मावायची. पण तोंड तीन बोटांचं, त्यामुळे दर दोन मिनिटांनी काड्या मोडत बसावं लागे. आणि वारा आला की पातळ पत्रा गार. एकट्या माणसाच्या चहाला ती ठीक आहे. चौघांच्या भाताला अंगठ्याएवढी काटकी सरळ आत जाईल असं तोंड हवं, आणि पातेल्याइतकाच रुंद, वाळूत न रुतणारा पाया हवा.

इथल्या जंगलात सरपणाचीही निवड करावी लागते. धावडा सावकाश जळतो आणि निखारा टिकवतो. तेंदू ठिणग्या उडवतो, म्हणून तंबूजवळ नको. बांबू न चिरता घातला तर पेरं बंदुकीसारखी फुटतात. पळसात फारसा दम नाही; त्याची पानं मात्र पानगे भाजायला हवीतच. वनखात्याचा वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होऊन 15 जूनपर्यंत चालतो, म्हणजे शिवरात्रीच्या सुमारासच. पानगळ झालेली असते, खाली वाळल्या पानांचा थर. राखीव वनात आग पेटवणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. म्हणून परवानगी असलेल्या जागीच, उघड्या वाळूवर, बंद बुडाची चूल. निखारे आतच राहतात, राख आतच निवते. माझं मत डब्याच्या चुलीकडे झुकतं ते यासाठीही.

त्या सकाळी आजीचं वरण झालं, वांग्याची भाजी झाली. पळसाच्या पानांत थापलेले पानगे गोवऱ्यांच्या विस्तवातून निघाले, एक आमच्याही ताटात आला. तिनं उरलेल्या काटक्या ओढून वाळूत खुपसल्या, राखेवर लोटाभर पाणी टाकलं आणि भांडी घासायला नदीवर गेली. धोंडे तिथेच राहिले, काळे, अजून कोमट. घटकाभरानं दुसऱ्या गाडीतली एक बाई आली. तिनं चिमूटभर वाळू हवेत सोडून पाहिली. वारा फिरला होता. तिनं वाकून मागचा धोंडा चार बोटं उजवीकडे सरकवला.