मघेखालचं संतमस

पावसाळ्यात लोणावळ्याच्या घाटात ढग रस्त्यावर उतरतो, तेव्हा अंधार चहूकडून जवळ सरकतो. आधी दरी जाते, मग झाडं, मग पुढचं वळण. याला संस्कृतात नेमका शब्द आहे. अमरकोश अंधाराच्या छटा वेगळ्या करतो: गाढ ते अंधतमस, विरळ ते अवतमस आणि सगळीकडे पसरलेलं ते संतमस.

२०१९ मध्ये हा शब्द एका ग्रहाचं नाव झाला. आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या शताब्दीनिमित्त देशोदेशींना एकेक तारा आणि त्याचा ग्रह नामकरणासाठी मिळाला. भारताच्या वाट्याला आला एचडी ८६०८१. ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळालं ते बिभा चौधुरी यांच्यावरून. १९४९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झालेल्या त्या वैश्विक किरणांच्या संशोधक. ग्रहाचं नाव सुचवलं पुण्यातल्या तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने, ग्रहाचं ढगाळ वातावरण मनात धरून.

बिभा म्हणजे बंगाली उच्चारातली विभा, तेज. तेजाभोवती अंधार फिरतो, अशी ही जोडी! गुरूच्या दीडपट वस्तुमानाचा हा ग्रह अवघ्या ५१ तासांत एक फेरी पुरी करतो. तो कुणीही पाहिलेला नाही. त्याच्या ओढीने तारा सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने मागेपुढे हलतो, प्रकाशातल्या रेषा सरकतात आणि त्यावरून तो कळतो. बिभाताईंचं कामही याच जातीचं होतं. दार्जिलिंगच्या डोंगरांत ठेवलेल्या छायाचित्र-काचांवर न दिसणाऱ्या कणांच्या वाटा उमटत, त्या वाचायच्या. म्हणून हे नाव त्या ताऱ्याला शोभतं.

फाल्गुन-चैत्रात राजमाचीच्या माळावरून मघा आणि तिच्याखालचा तांबूस अल्फार्ड शोधावा. त्यांच्या मधल्या ओसाड भासणाऱ्या पट्ट्यात छोट्या दुर्बिणीला बिभा सापडते: पिवळसर, साधा ठिपका. तिचं अंतर सुमारे ३४० प्रकाशवर्षं. म्हणजे संभाजीराजांच्या काळात निघालेला उजेड आज डोळ्यात उतरतो.

श्रावण-भाद्रपदात सूर्य मघा नक्षत्रात येतो, तेव्हा बिभा त्याच्याच बाजूला, भरदिवसा आकाशात असते. खाली मावळातल्या भातखाचरांवर मघांचा पाऊस कोसळत असतो आणि मध्ये पसरलेलं असतं संतमस. शब्द नेमक्या जागी पडला आहे.