आत्मोन्नतीचा हिशेब : चार मराठी आत्मकथनांच्या आधारे

मराठी आत्मचरित्रवाङ्मयाचा एक मोठा भाग प्रतिकूल परिस्थितीतून वर आलेल्या व्यक्तींनी लिहिलेला आहे. दारिद्र्य, दुर्बल प्रकृती, गुरूचा अभाव, हीन मानलेल्या जातीतील जन्म, स्त्रीजन्म, यांपैकी एक वा अनेक उणिवा पदरात घेऊन या व्यक्तींच्या आयुष्यास आरंभ झाला. पुढे त्यांनी विद्या, प्रतिष्ठा किंवा निदान आत्मसन्मान संपादन केला. अशा ग्रंथांचे वाचन शालेय वाचनमालेपासून गौरवग्रंथापर्यंत एका ठरावीक रीतीने होत आले आहे. प्रत्येक ग्रंथ म्हणजे जिद्दीची कहाणी आणि 'प्रयत्नांती परमेश्वर' ही तिची फलश्रुती, असे समीकरण रूढ झाले आहे. हे समीकरण खोटे नसले तरी अपुरे आहे. त्यात व्यक्तीच्या प्रकृतीतून आलेली उणीव आणि समाजाने जन्माच्या आधारे लादलेली उणीव यांतील भेद पुसला जातो. शिवाय, वर चढणाऱ्यास कोणाचा आधार मिळाला आणि त्याच्या चढण्याची किंमत कोणी मोजली, हे दोन्ही प्रश्न मागे पडतात. धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' (१९१५), धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' (१९२४), दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) ही चार आत्मकथने एकापुढे एक ठेवून वाचली असता या प्रश्नांचे स्वरूप स्पष्ट होते.

प्रथम कर्व्यांचे 'आत्मवृत्त' घेऊ. कोकणातील मुरूडच्या या मुलास १८७५ साली सरकारी नोकरीस उपयोगी पडणारी इयत्ता सहावीची परीक्षा द्यावयाची होती. त्यासाठी पावसाळी दिवसांत, डोंगरवाटांनी, शंभर मैलांहून अधिक अंतर पायी तुडवून तो सोबत्यांसह साताऱ्यास पोहोचला. परीक्षेस १७ वर्षांची अट होती व त्याचे वय तेवढे भरलेले होते. परंतु त्याची शरीरयष्टी लहान. तो वयाने कमी दिसतो, एवढ्या कारणावरून त्याला परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढील वर्षी कोल्हापूर येथे त्याने ती परीक्षा दिली. या प्रसंगात देहाची जन्मजात उणीव आणि अधिकाऱ्याचा अन्याय्य निर्णय ही दोन्ही एकत्र आली आहेत. कर्व्यांच्या निवेदनाची विशेषता अशी की ते ना स्वतःची कीव करतात, ना अधिकाऱ्यावर चिडतात. गणिताच्या अध्यापकाने उदाहरणाच्या पायऱ्या मांडाव्यात तशी एकापुढे एक वाक्ये येतात. पायपीट, नकार, परतीची वाट आणि पुढचा प्रयत्न यांना सारख्याच स्वराचे माप मिळते.

या समस्वराचा आणखी एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. कर्वे स्वतःच्या स्वभावातील भिडस्तपणा व लाजाळूपणा यांचा उल्लेख मोकळेपणाने करतात. पण त्या उणिवांवर विजय मिळविल्याचा दावा ते करीत नाहीत. त्यांची आत्मोन्नती म्हणजे स्वभावाचे परिवर्तन नव्हे. आपल्या स्वभावाला पेलेल असे काम शोधून त्यात चिकाटीने राहणे, एवढाच तिचा अर्थ आहे. व्याख्यानपीठ गाजविणाऱ्यांच्या त्या काळात या अबोल अध्यापकाने दारोदार हिंडून लहान लहान वर्गण्या गोळा केल्या आणि १८९६ साली स्थापलेली अनाथ बालिकाश्रमाची संस्था उभी केली. वक्तृत्वाची उणीव शेवटपर्यंत राहिली. ती आड येणार नाही अशी वाट मात्र सापडली. 'आत्मवृत्त' प्रसिद्ध झाले तेव्हा १९१६ चे महिला विद्यापीठ अजून अस्तित्वात यावयाचे होते, हेही विसरता कामा नये. ग्रंथाच्या संयत स्वरामागे कार्य अपुरे असल्याची जाणीव आहे. कृतार्थ पुरुषाने मागे वळून काढलेले ते उद्गार नव्हेत.

तथापि याच संयमाची एक मर्यादाही आहे. मुरूडच्या शाळेतील सोमण गुरुजींचे ऋण कर्वे कृतज्ञतेने नोंदवितात, सोबत्यांचे साह्यही नोंदवितात. परंतु शाळेत बसण्याचा, गुरूच्या जवळ जाण्याचा, गावच्या देवळात उभे राहून वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचा जो अधिकार त्यांना जन्मतःच प्राप्त होता, त्याची नोंद साह्य म्हणून होत नाही. कारण तो अधिकार त्यांच्या दृष्टीला हवेइतका स्वाभाविक होता. कर्व्यांचा जन्म १८५८ चा. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५६ साली, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला होता व तो त्याला नाकारण्यात आला होता. पुढे वरिष्ठांनी सरकारी शाळा सर्वांस खुल्या असल्याचे तत्त्व मान्य केले. पण त्या मुलाच्या हाती तत्त्वाने काय पडणार? कर्व्यांना नकार मिळाला तो परीक्षेच्या दाराशी, आणि एका वर्षापुरता. धारवाडच्या मुलाला तो शाळेच्या दाराशीच मिळाला. दोघांनाही 'प्रतिकूल परिस्थितीतील विद्यार्थी' म्हणता येईल. पण दोघांची प्रतिकूलता एका मापाने मोजता येणार नाही. कर्व्यांची तपश्चर्या यामुळे कमी ठरत नाही. ती कोणत्या जमिनीवर उभी होती, एवढेच यावरून कळते.

धर्मानंद कोसंबी यांच्या 'निवेदना'त ही जमीन अधिक स्पष्ट दिसते. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या या तरुणास नियमित शालेय शिक्षण फारसे मिळाले नाही. 'बालबोधमेवा' मासिकातील बुद्धविषयक लेखाने त्यांच्या मनात जी ओढ उत्पन्न केली, तिच्यापायी १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा त्यांचा प्रवास झाला. संस्कृतातून पालीकडे आणि पालीतून बौद्ध तत्त्वज्ञानाकडे ते गेले; पुढे कलकत्त्याच्या विद्यापीठात व अमेरिकेतील हार्वर्ड येथे त्यांनी काम केले. शालेय पाया नसलेल्या माणसाने एवढी मजल मारावी, हे मराठी आत्मचरित्रातील स्वाध्यायाचे कदाचित सर्वांत विलक्षण उदाहरण होय.

कोसंबी मिळालेल्या साह्याची नोंद बारकाईने करतात. काशीत अन्नछत्रातील जेवणावर दिवस काढल्याचे ते लपवीत नाहीत. कलकत्त्यातील अधिक वेतनाची जागा सोडून महाराष्ट्रात काम करता यावे म्हणून सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा ५० रुपयांच्या साह्याचाही ते उल्लेख करतात. मात्र काशीचे ते अन्नछत्र ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होते. कोसंब्यांचे दारिद्र्य खरे, उपासमार खरी. पण त्या उपासमारीला जे एक दार खुले होते, ते जातीने खुले केलेले होते. पुढील आयुष्यात जातिभेदाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या या लेखकाने ही हकिकत जशी घडली तशी लिहून ठेवली, यात त्यांचे सत्यप्रेम दिसते. तिचा अर्थ काढणे हे वाचकाचे काम.

'निवेदना'त किमतीचा प्रश्नही अपरिहार्यपणे उभा राहतो. कोसंबी विद्येच्या शोधात निघाले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. ज्ञानप्राप्तीसाठी गृहत्याग करणाऱ्या पुरुषाची प्रतिमा आपल्या परंपरेस इतकी परिचित आहे की त्या घरात मागे राहिलेल्या स्त्रीची वर्षे वाचक सहज ओलांडून जातो. 'निवेदना'त या वियोगाचा उल्लेख आहे, पण बाळाबाईंची बाजू त्यांच्या शब्दांत कोठेही नाही. ज्या आत्मोन्नतीची कथा आपण आदराने वाचतो, तिचा काही भार न विचारता दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवला गेला होता. उलटपक्षी, श्रेयाच्या बाबतीत अन्याय कोसंब्यांच्याही वाट्यास आला. हार्वर्ड येथे 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनावर त्यांनी परिश्रम केले. परंतु श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद होऊन १९१२ साली ते परतले. ती आवृत्ती त्यांच्या नावासह प्रसिद्ध झाली ती १९५० साली, म्हणजे १९४७ मध्ये झालेल्या त्यांच्या निधनानंतर. गुणवत्ता सिद्ध झाली म्हणजे आरंभीची विषमता आपोआप संपते, या समजुतीला हा एक पुरावाच पुरेसा उत्तर देतो.

'बलुतं'मध्ये पाऊल टाकताच वाचक वेगळ्या प्रदेशात येतो. गावच्या वतनी कामाबद्दल पिकातून मिळणारा वाटा म्हणजे बलुते. तो हक्क म्हणविला जातो, पण वाट्यासोबत कामही वंशपरंपरेने गळ्यात पडते. जन्माने लाभलेल्या दुःखास हे नाव देऊन पवारांनी शीर्षकातच आपली भूमिका सांगितली आहे. येथील उणीव व्यक्तीच्या शरीरात वा स्वभावात नाही. ती गावाच्या व्यवस्थेने ठरवून दिलेला वाटा आहे. म्हणून या ग्रंथाची रचनाही पूर्वीच्या दोन ग्रंथांसारखी सरळ चढत जात नाही. दगडू मारुती पवार हा दया पवार नावाच्या लेखकाला आपली कहाणी सांगतो, आणि दोघे एकच आहेत. शिकून वर आलेला माणूस आणि मागे राहिलेला माणूस यांच्यातील अंतर लेखकाने निवेदनपद्धतीतच आणून ठेवले आहे.

हे अंतर हीच 'बलुतं'ची मुख्य वस्तू होय. वाचनमालेतील जिद्दीच्या कथेत शिक्षण म्हणजे निव्वळ लाभ असतो. पवारांच्या अनुभवात शिक्षण डोळे उघडते आणि त्या उघड्या डोळ्यांना आपलेच घर, आपलीच माणसे, आपलीच बोली दुसऱ्याच्या नजरेने दिसू लागते. वडिलांचे व्यसन, मुंबईच्या कावाखान्यातील दाटीवाटीचे जीवन, कागद-चिंध्या वेचून संसार ओढणारी आई, हे सारे प्रेमाने आणि लाजेने एकाच वेळी लिहिले गेले आहे. पहिली पत्नी सई हिला संशयावरून दूर केल्याची हकिकत लेखक स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी तशी सांगतो. अन्यायाचा बळी स्वतःही अन्याय करू शकतो, ही कबुली या ग्रंथाला प्रचाराच्या पातळीवरून वर उचलते. तरीही सईची कहाणी सईने सांगितलेली नाही, ही 'निवेदना'तील उणीव येथेही उरतेच.

ती उणीव भरून काढण्याचे काम काही अंशी 'जिणं आमुचं'ने केले. बेबी कांबळे फलटणच्या. त्यांनी किराणा मालाचे दुकान चालविले आणि बांधणावळीसाठी घेतलेल्या रद्दीतून वाचनाची भूक भागविली. आपले लेखन त्यांनी दीर्घकाळ पतीपासून लपवून ठेवले होते. आधी 'स्त्री' मासिकातून प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या नावातच 'माझं' नसून 'आमुचं' आहे. वीरगावचा महारवाडा, बाळंतिणीची उपासमार, अंगात येणाऱ्या देवी, सासुरवासात पिचणाऱ्या कोवळ्या मुली, यांच्या वर्णनात लेखिकेचे वैयक्तिक चरित्र पुष्कळदा दिसेनासे होते. रचनेच्या शिथिलतेबद्दल या ग्रंथास दोष देता येईल. प्रसंगांचा क्रम सैल आहे आणि पुनरुक्तीही आहे. परंतु ही शिथिलता कर्तेपणाच्या वेगळ्या कल्पनेतून आलेली आहे. डॉ. आंबेडकरांच्या प्रेरणेने जो बदल घडला तो एका व्यक्तीचा नव्हता, वस्तीचा होता. म्हणून त्याची कथाही 'मी'च्या क्रमाने सांगता येत नव्हती. शिकून नोकरीपेशात स्थिरावल्यावर वस्तीकडे पाठ फिरविणाऱ्यांवर लेखिकेने जो कठोर प्रहार केला आहे, त्याचे मूळही येथेच आहे. समाजाने मिळून उचललेल्या माणसाने आपली उंची केवळ स्वतःची समजावी, हे त्यांना मान्य नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. परिस्थिती, जात, साह्य, इतरांनी मोजलेली किंमत हे सारे मोजत बसल्यास प्रयत्नाचे मोल उरते काय? संतसाहित्यातही रामदासांसारख्यांनी यत्नाचा महिमा आग्रहाने सांगितला. तो सोडून पुन्हा प्रारब्धाकडे वळावयाचे काय? आक्षेप गंभीर आहे, परंतु त्याचा रोख चुकला आहे. प्रारब्धवाद उणिवेला अटळ मानतो, तर प्रस्तुत वाचन ती कोणी निर्माण केली हे विचारते. माणसाने निर्माण केलेली गोष्ट माणसाला मोडता येते. म्हणून ही चौकशी प्रयत्नाचे क्षेत्र वाढविणारी आहे. साताऱ्याची पायपीट कर्व्यांनीच केली, पालीचे ग्रंथ कोसंब्यांनीच अभ्यासिले, 'बलुतं' पवारांनीच लिहिले आणि रद्दीचे कागद बेबी कांबळे यांनीच वाचले. हे श्रेय कोणी हिरावून घेऊ शकत नाही. मात्र याच श्रेयाचा आधार घेऊन मागे राहिलेल्यास 'तू पुरेसा झटला नाहीस' असे सुनावले जाते, तेव्हा आत्मचरित्राचा उपयोग लेखकाच्या हेतूविरुद्ध होतो. चारांपैकी एकाही लेखकाने आपले आयुष्य इतरांस दोष देण्यासाठी लिहिलेले नाही.

वाङ्मयीन मूल्यमापनाच्या दृष्टीने यातून एक कसोटी हाती येते. लेखक किती खालून किती वर गेला, यावरून आत्मोन्नतीच्या आत्मकथनाची थोरवी ठरत नाही. स्वतःचे कष्ट, मिळालेला आधार आणि दुसऱ्यांनी सोसलेला भार या तिन्ही गोष्टी त्याने किती प्रामाणिकपणे नोंदविल्या, यावर ती ठरते. या कसोटीस चारांपैकी एकही ग्रंथ पूर्णपणे उतरत नाही. कर्व्यांची पहिली नोंद निर्दोष आहे, कोसंबी दुसरीतही चोख आहेत, पवारांनी तिसरी उघडण्याचे धैर्य दाखविले आणि कांबळे यांनी ती भार सोसणाऱ्यांच्या बाजूने लिहिली. पदव्युत्तर अभ्यासक्रमात ही पुस्तके बहुधा वेगवेगळ्या कप्प्यांत नेमली जातात, पहिली दोन चरित्रवाङ्मयात व पुढची दोन दलित साहित्यात. ती एकत्र वाचली गेली तर कर्व्यांच्या विद्यार्थ्याला धारवाडच्या शाळेचे दार दिसेल, आणि 'बलुतं'च्या विद्यार्थ्याला कळेल की जन्माने आलेल्या उणिवेशी झुंजण्याची मराठी परंपरा त्याच्या कल्पनेपेक्षा जुनी आहे, आणि तिच्यातील कित्येक नावे कधी लिहिलीच गेली नाहीत.