‘माझी मैना गावावर राहिली’ : उपमान आणि उपमेय

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीचा विचार प्रायः संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील प्रचारगीत म्हणून केला जातो. शाहीर अमर शेख यांच्या खड्या आवाजाने ती जनसामान्यांपर्यंत पोहोचविली हे खरे. परंतु या कीर्तीमुळे तिच्या रचनेतील एक मूलभूत गोष्ट दृष्टीआड झाली आहे.

छक्कड हा लावणीचाच एक प्रकार होय. लावणीत विरह बहुधा स्त्रीच्या मुखी असतो. येथे तो पुरुषाच्या मुखी आहे आणि त्याचे कारण दैव नसून दारिद्र्य आहे. पोटासाठी मुंबईस गेलेला मजूर आधी गावी राहिलेल्या पत्नीचे स्मरण करतो व मग खंडित महाराष्ट्राची अवस्था आपल्यासारखीच झाल्याचे सांगतो. म्हणजे मजुराची ताटातूट हे उपमान आणि महाराष्ट्र हे उपमेय. उपमान हे उपमेयापेक्षा अधिक परिचित असावे लागते. गिरणगावातील श्रोत्याला राज्यपुनर्रचनेचा प्रश्न नवा होता. बायको गावी ठेवून येणे नवे नव्हते.

हा क्रम कवीच्या जीवनातूनच आला आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे जन्मलेल्या अण्णा भाऊंना शालेय शिक्षण जवळजवळ लाभले नाही. पोटासाठी ते मुंबईस आले व गिरणीत राबले. माटुंग्याच्या लेबर कँपातील डास हा त्यांच्या आरंभीच्या कवनाचा विषय होता. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. जे अंगावर आले तेच प्रथम शब्दांत आले.

या छक्कडीची खरी कसोटी भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात लागते. हा जिल्हा १९५६ च्या पुनर्रचनेपर्यंत मध्य प्रदेशात होता आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. बेळगाव-कारवारचे तुटलेपण येथील श्रोत्याच्या नित्य अनुभवातले नव्हे. उपमेय असे दूरचे झाले, तरी पोटासाठी घर सोडण्याचे दुःख त्याला परके नसते; म्हणून गीत टिकते.

तथापि तिची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. धानाची रोवणी करणाऱ्या आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या या मुलखात गावी राहिलेली ‘मैना’ स्वतःच कष्टकरी आहे. छक्कडीत तिच्या रूपाचे वर्णन जितके विस्ताराने येते तितके स्थान तिच्या श्रमांना मिळत नाही, आणि विरह सांगण्याचा अधिकार पुरुषाकडेच राहतो. ‘वैजयंता’ या कादंबरीत तमासगीर स्त्रीला नायिकापद देणाऱ्या लेखकाला ही जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. लावणीच्या परंपरेतील नायिकावर्णनाचा संकेत येथे त्याच्यावर प्रभावी ठरला, असे म्हणणे अधिक युक्त होय.

यास्तव या गीताचे मूल्यमापन केवळ प्रांतिक अस्मितेच्या कसोटीवर करणे अपुरे आहे. त्यात राज्याचे दुःख श्रमिकाच्या दुःखाने मोजले गेले, हे त्याचे यश. गावी राहिलेल्या श्रमिक स्त्रीचे दुःख मात्र मोजावयाचे राहिले.