उत्तरायुष्याचे पाचारण : ‘स्मृतिचित्रे’चे एक पुनर्वाचन

पाचारण या विषयावर आपल्या मंडळीत जे बोलले व लिहिले जाते, त्याचा बहुतेक भाग तारुण्याला उद्देशून असतो. मंदिरात रात्री हाक ऐकणारा बाळ शमुवेल, जाळी टाकून निघालेले कोळी, सेमिनरीच्या दारात उभा असलेला तरुण उमेदवार, ही आपली नेहमीची उदाहरणे होत. परंतु दीक्षाविधीस वीस-पंचवीस वर्षे लोटल्यावर तोच प्रश्न पाळकापुढे व धर्मशिक्षकापुढे पुन्हा उभा राहतो, आणि त्या वेळी त्याच्या हाती देण्याजोगे आपल्याजवळ फारसे काही नसते. उपासना चालू असते, बाप्तिस्मे व विवाह होत असतात, वार्षिक अहवाल वेळेवर जात असतो. मात्र ज्या कार्यासाठी आपण निघालो ते झाले काय, आणि झाले नसल्यास उरलेली वर्षे कशासाठी, हे त्याला कोणास विचारता येत नाही. विचारले तर त्याची श्रद्धा ढासळली असे समजले जाण्याची त्याला भीती असते.

या प्रश्नाचे एक फार प्रामाणिक उत्तर मराठी ख्रिस्ती वाङ्मयात आहे. ते ज्या ग्रंथात आहे तो आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेला आहे. पण त्यासाठी म्हणून वाचलेला नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हा तो ग्रंथ होय. १९३४ पासून तो चार भागांत प्रसिद्ध झाला आणि मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होऊ लागली. त्याचे वाचन मुख्यतः दोन प्रकारे झाले. मराठी समीक्षेने त्यातील निर्मळ विनोदाची व घरगुती भाषेची स्तुती केली. आपल्या मंडळीने त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र शोधले. शांता गोखले यांचे समर्थ इंग्रजी भाषांतर २०१७ साली निघाले, त्याच्या उपशीर्षकातही लक्ष्मीबाईंची ओळख एक तेजस्वी पत्नी अशीच करून दिलेली आहे. या वाचनांत चूक काही नाही. तथापि ती दोन्ही एका गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. ज्या लक्ष्मीबाईंना आपण लेखिका म्हणून ओळखतो, त्यांचे बहुतेक मोठे कार्य पतीच्या निधनानंतरचे, म्हणजे वयाच्या पन्नाशीनंतरचे आहे. हा ग्रंथ त्या दृष्टीने वाचला तर त्यातून पाचारणाविषयी काय निष्पन्न होते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम टिळकांकडे पाहू. कारण उत्तरायुष्यातील पाचारणाचा जो आदर्श आपण व्यासपीठावरून सांगतो तो त्यांचा आहे. टिळकांचा जन्म १८६१ सालचा. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९०४ साली त्यांस दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. मिशनच्या सेवेत मान होता, काव्याला कीर्ती होती. असे असताना १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने ख्रिस्तशिष्यांचा एक बंधुसंघ उभारण्यास आरंभ केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांस सारखीच जागा होती. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले.

हा इतिहास विलक्षण आहे, आणि त्याचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही. पण मध्यमवयात थकलेल्या सेवकाने तो ऐकला म्हणजे त्याच्या मनावर काय ठसते याचा विचार व्हावा. त्याला वाटते की नवे जीवन हवे असेल तर जुने मोडले पाहिजे. दर्शन व्हावे, राजीनामा द्यावा, एखादी नवी संस्था काढावी. ज्याला दर्शन होत नाही आणि मुलांच्या शिक्षणामुळे राजीनामाही देता येत नाही, तो स्वतःला दुय्यम प्रतीचा सेवक समजू लागतो.

‘स्मृतिचित्रे’चा उपयोग येथे होतो. चर्चच्या इतिहासात १९१७ ची घटना दर्शन व त्याग या शब्दांत येते. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात टिळकांच्या प्रत्येक त्यागाबरोबर त्यांचे घरही डोळ्यांपुढे राहते. टिळकांची पैशाविषयीची बेफिकिरी, कोणास न सांगता निघून जाणे, दारी आलेल्या मुलांना घरात ठेवून घेणे, हे सारे त्यांनी हसत सांगितले आहे. पण हिशेब लपविलेला नाही. मोठ्या पाचारणाची किंमत पुष्कळदा पाचारण न झालेल्या माणसाला द्यावी लागते, हे सत्य या ग्रंथाने कोणताही आरोप न करता नोंदविले आहे. टिळकांवर इतके प्रेम करणारा व त्यांना इतके थोडे झाकणारा दुसरा ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही.

आता लक्ष्मीबाईंचे स्वतःचे उत्तरायुष्य पाहू. त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळेचे शिक्षण नव्हते. वडिलांचे सोवळे इतके कडक की त्याच्या कथा आज वाचताना हसू व भय एकदमच येते. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षे त्या श्रद्धेने वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली स्वतःच्या निश्चयाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या घरी परतल्यानंतरही त्यांची जातीविषयीची धारणा लगेच गळून पडली नाही. ज्या दिवशी तो भेद मनुष्यकृत आहे असे त्यांना पटले, त्या दिवशी तो त्यांनी पाण्याच्या व अन्नाच्या प्रत्यक्ष व्यवहारात सोडला. ही रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांच्या जीवनातील वळणे सिद्धांताच्या रूपाने येत नाहीत. हाताशी आलेल्या कृतीच्या रूपाने येतात.

१९१९ साली त्या विधवा झाल्या तेव्हाही असेच घडले. त्यांना कोणतेही दर्शन झाल्याची नोंद नाही. पुढे मुंबईस मुलींच्या वसतिगृहाचे काम आले, नंतर मुलाच्या नोकरीमुळे कराचीस राहणे आले. महाराष्ट्राबाहेर सेवा करणाऱ्या आमच्या वाचकांना त्या दूरच्या शहरातील मराठी घराची कल्पना सहज येईल. या धावपळीत टिळकांची एक गोष्ट अपुरी राहिली होती. ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य टिळकांनी आरंभिले होते. त्यांच्या हातून अकरा अध्याय झाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढील चौसष्ट अध्याय रचले. ते काव्य त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ साली, प्रसिद्ध झाले.

आता दुसरी गोष्ट. पुत्र देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून त्यांनी आईजवळ आठवणी मागितल्या. दुसऱ्याच्या ग्रंथास साहित्य म्हणून लिहिलेल्या या आठवणी ‘संजीवनी’तून प्रसिद्ध होऊ लागल्या आणि त्यांचेच ‘स्मृतिचित्रे’ झाले.

या दोन कृती शेजारी ठेवल्या म्हणजे समीक्षकाला एक निर्णय द्यावाच लागतो. ‘ख्रिस्तायन’ आदरास पात्र आहे. १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’शी त्याचे नाते आहे, मराठी कानाला परिचित असलेल्या ओवीतून शुभवर्तमान सांगण्याची तीच परंपरा त्यात पुढे चालते. परंतु वाङ्मय म्हणून ‘स्मृतिचित्रे’ कितीतरी सरस आहे. जे कर्तव्य म्हणून गंभीरपणे हाती घेतले ते चांगले झाले. जे सहज, मुलाला मदत म्हणून लिहिले ते अमर झाले. मात्र यावरून कर्तव्याचे काम व्यर्थ होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्या हाताने चौसष्ट अध्याय रचले, त्याच हाताने हे गद्यही लिहिले. मध्यमवयातील हेतू असा आडवाटेने सापडतो. मनुष्य दुसऱ्याचे अपुरे काम पुरे करण्यास बसतो आणि त्या कामाच्या कडेला त्याला स्वतःचा आवाज गवसतो.

ग्रंथाचा घाटही हेच सांगतो. त्याच्या नावात ‘चित्रे’ हे अनेकवचन आहे. आपल्या आयुष्याला आरंभापासून एक योजना होती असा दावा लेखिका करीत नाही. एक चित्र होते, मग दुसरे; अर्थ दिसतो तो मागे वळून पाहिल्यावर. दैवी योजनेवरील आपली पुष्कळ प्रवचने ज्या घाईने जीवनाला सूत्र चिकटवितात, तिला हा घाट एक सौम्य उत्तर आहे.

शास्त्रात याला आधार आहे काय? पहिल्या राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आपले कार्य फसले असे वाटून एलीया रानात झुडपाखाली मरण मागतो. त्याची प्रथम झोप व अन्न यांनी सेवा होते. पुढे होरेबावर जी वाणी येते ती त्याच्या गाऱ्हाण्याचे खंडन करीत बसत नाही. ती त्याला तीन कामे सांगते. त्यांतील एक काम आपल्या जागी अलीशाचा अभिषेक करण्याचे आहे. निराश संदेष्ट्याला मिळालेला नवा हेतू असा मर्यादित आहे, आणि त्यात आपण गेल्यावर दुसरा कोणी असेल याची तजवीज आहे. अलीशाला पुढे मिळाला तो झगाही नवा नव्हता, एलीयाचाच होता.

आमच्या या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, लक्ष्मीबाईंचा हेतू उसना होता. पतीचे काव्य पुरे करणे ही पतिनिष्ठाच, तिला स्वतंत्र पाचारण कसे म्हणावे? ‘ख्रिस्तायना’पुरता हा आक्षेप विचारार्ह आहे. पण ‘स्मृतिचित्रे’त टिळकांचे गुणदोष तोलणारी दृष्टी कोणाची उसनी नाही. जी स्त्री पतीच्या पुस्तकाची पूर्ती करताकरता त्याचे निःपक्ष चित्र रेखाटण्याइतकी मोकळी होते, तिचे पाचारण दुय्यम म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप असा की, काही प्रसंगी जुने सोडणे हेच आज्ञापालन असते. हे आम्हांस मान्य आहे. टिळकांचा मार्ग बंद करावा असे आमचे म्हणणे नाही. तो एकच मार्ग आहे हा समज तेवढा जावा.

ग्रंथाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. १९१९ नंतरच्या काळाला त्यात मिळालेली जागा तुलनेने अपुरी आहे. जेथे आपल्याला सर्वांत जास्त ऐकावयाचे असते, म्हणजे शोक कसा ओलांडला, प्रार्थना कोरडी झाली तेव्हा काय केले, तेथे लेखिका फार थोडे बोलते. तिचा विनोद पुष्कळदा जखमेवर पडदा टाकतो. या मौनाला नम्रता म्हणून गौरविण्याचा मोह आम्ही टाळतो. पाळकीय दृष्टीने ते मौन ही एक उणीव आहे. त्या पिढीच्या मंडळीने विधवेला आपले दुःख बोलण्यास किती जागा दिली होती, हाही प्रश्न त्यातून निघतो. आणि आज आपण आपल्या मध्यमवयीन सहकाऱ्यांना तेवढी तरी देतो काय, हा त्याचा पुढचा भाग होय.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. आपल्या पाळक-परिषदांत व धर्मशिक्षकांच्या शिबिरांत टिळकांचे १९१७ साल सांगितले जाते, तसे लक्ष्मीबाईंचे १९१९ सालही सांगितले जावे. ‘स्मृतिचित्रे’चे शेवटचे भाग मोठ्याने वाचावेत आणि वाचून झाल्यावर प्रत्येकाने एवढेच सांगावे की आपल्या मंडळीत कोणाचे कोणते काम अर्धे पडले आहे. मागील धर्मशिक्षकाने अर्धवट ठेवलेली गीतांची वही असेल, बंद पडलेला रात्रीचा वर्ग असेल, वृद्धांच्या तोंडी उरलेला गावच्या मंडळीचा इतिहास असेल. हेतूचा शोध आकाशात घेण्याआधी तो या यादीत घ्यावा.

लक्ष्मीबाईंचे २४ फेब्रुवारी १९३६ रोजी निधन झाले तेव्हा ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग अपुराच होता. तो देवदत्तांनी पुरा केला. पतीचे अर्धे काम आईने उचलले, आईचे अर्धे काम मुलाने. आपले कार्य अपुरे राहील या भीतीने जो सेवक आज व्याकूळ आहे, त्याने या ग्रंथाची शेवटची पाने अवश्य उघडावीत. तेथे अक्षर बदलले आहे; काम थांबलेले नाही.