घर हीच शाळा : चार विद्यार्थ्यांची साक्ष

शाळा सोडून घरीं शिकावें काय, आणि शिकावयाचें तर आरंभ कोठून करावा, हा प्रश्न अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून वारंवार ऐकूं येऊं लागला आहे. पूर्वीं तो आईबापांचा असे. आतां विद्यार्थीच तो विचारूं लागले आहेत. औशासारख्या तालुक्याच्या गांवींही तो येऊन ठेपला याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. औशापासून सुमारें वीस किलोमीटरांवर लातूर आहे, आणि तेथें ‘लातूर पॅटर्न’ या नांवानें प्रसिद्धीस आलेली अभ्यासाची गिरणी अहोरात्र चालू आहे. सराव-परीक्षा, तिची तपासणी, आणि लगेच दुसरी सराव-परीक्षा! या गिरणींत जिल्ह्याजिल्ह्यांतून दळण येतें, आणि कांहीं पीठ उत्तम निघतें हेंही खरें. पण त्या जात्याची घरघर ऐकूनच ज्या मुलाच्या पोटांत गोळा उठतो, त्यानें ‘मी घरीं बसून माझ्या गतीनें शिकेन’ असें म्हटलें, तर त्यास आळशी ठरवून वाटेस लावणें न्यायाचें होणार नाहीं.

या विषयावर इंग्रजींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाचीं पुस्तकें आमच्याकडील या पंथाचे लोक मोठ्या श्रद्धेनें वाचतात. आम्हींही तीं वाचलीं, आणि मुलाच्या बुद्धीविषयींचा त्यांतील आदर आम्हांस मनापासून आवडला. परंतु त्यांत गृहीत धरलेलें घर आमचें नव्हे. आमच्या घरांत आजी आहे, पाहुणे आहेत, सणवार आहेत, आणि रिकामा दिसणारा हात कोणत्या तरी कामास जुंपण्याची जुनी संवय आहे. असल्या घरांत विद्यार्थी कसा घडतो, हें मॅसॅच्युसेट्समधील लेखक सांगूं शकणार नाहीं. तें आमच्या आत्मचरित्रांनींच सांगावें. आणि त्यांनीं तें सांगितलेंही आहे. आपण तीं पुस्तकें सुधारणेचा इतिहास म्हणून, धर्मांतराची कथा म्हणून किंवा विनोदासाठीं वाचतों. विद्यार्थ्याची जबानी म्हणून क्वचितच वाचतों.

पहिली साक्ष रमाबाई रानडे यांची. ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हें त्यांचें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. १८७३ सालीं लग्न झालें तेव्हां त्यांचें वय अकराच्या सुमाराचें, आणि माधवरावांनीं तिशी ओलांडलेली. मुलीस अक्षरओळख नाहीं. पतीनें तिच्या हातीं पाटी दिली आणि अभ्यास सुरू झाला. या आरंभाकडे आजच्या विद्यार्थ्यानें नीट पाहावें. शिकण्याची इच्छा आधीं आणि अभ्यास मागाहून, असा क्रम येथें नाहीं. अभ्यास आधीं आला, त्याची वेळ ठरली, ती वेळ रोज पाळली गेली. आणि इच्छा त्या वेळेच्या पोटीं जन्मास आली. ‘मला आवडेल तें आवडेल तेव्हां वाचीन’ असें म्हणणाऱ्यांना हें रुचणार नाहीं; पण पुस्तकाची साक्ष अशी आहे.

या पुस्तकाचा खरा गाभा मात्र वेळापत्रकांत नसून घरांत आहे. पुण्याच्या त्या वाड्यांतील वडील बायकांना सुनेचें शिकणें, विशेषतः इंग्रजी शिकणें, मुळींच मान्य नव्हतें. दिवसभर टोमणे, अबोला, जाणूनबुजून अंगावर टाकलेलीं कामें, आणि रात्रीं पुन्हां पुस्तक! रमाबाई हें सर्व तक्रारीचा सूर न लावितां सांगतात, म्हणून तें अधिक बोंचतें. शाळेंत जाणाऱ्या मुलास शाळेची एक भिंत तरी लाभते. त्या भिंतीच्या आंत कोणी त्यास ‘ऊठ, पाणी आण’ म्हणत नाहीं. घरीं शिकणाऱ्यास ती भिंत स्वतः बांधावी लागते, आणि ती विटांची नसून घरच्या माणसांच्या संमतीची असते. १८७८ सालीं रानड्यांची नाशिकास बदली झाली, दोघांचें निराळें बिऱ्हाड झालें, आणि अभ्यासानें वेग घेतला. हा योगायोग खास नव्हे.

टीकाकार या नात्यानें या पुस्तकाचा एक दोष सांगणें आम्हांस प्राप्त आहे. रमाबाई स्वतःकडे कांहींच श्रेय ठेवीत नाहींत. धडा कोणीं दिला हें कळतें. तो समजेना तेव्हां या मुलीनें काय केलें, कोठें अडली, कशी सुटली, हें फारसें कळत नाहीं. विद्यार्थिनी आहे, पण गुरूच्या सावलींत उभी आहे. पतिनिष्ठेच्या दृष्टीनें हें भूषण असेल. शिकणाराच्या दृष्टीनें ती उणीव आहे.

ती उणीव लक्ष्मीबाई टिळकांनीं भरून काढली. १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालेलीं त्यांचीं ‘स्मृतिचित्रे’ मराठी गद्याचा अलंकार आहेत, याविषयीं दुमत नाहीं. त्यांचे गुरूही पतीच. पण गुरूगुरूंत किती अंतर! नारायण वामन टिळक म्हणजे वाऱ्याची झुळूक; आज शिकवावयास बसतील, उद्यां रागावून उठतील, परवां गांवच सोडतील. असल्या गुरूच्या हातीं शिकणारी बाई एक तर खचेल, नाहीं तर स्वतंत्र होईल. लक्ष्मीबाई स्वतंत्र झाल्या. कवींच्या बैठकी कानांवर पडत, भांडणें होत, दारिद्र्य होतें, माणसें येत-जात. त्यांची शाळा ती. व्याकरणानें त्यांची वाक्यें सरळ केलीं नाहींत, म्हणूनच तीं जिवंत राहिलीं, असें पुष्कळ रसिक म्हणतात. आम्ही यांत थोडी भर घालूं. नियमित शिक्षणाचा अभाव हें त्यांच्या शैलीचें कारण नव्हे. तसें असतें तर महाराष्ट्रांत घरोघरीं स्मृतिचित्रें निघालीं असतीं. त्यांनीं आयुष्यभर कान उघडा ठेविला, हें कारण होय. साहित्य म्हणून ‘स्मृतिचित्रे’ पुष्कळच वरचढ आहेत; पण घरीं अभ्यासास बसूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही आधीं रमाबाईंचें पुस्तक देऊं.

तिसरी साक्ष पंडिता रमाबाईंची. १८५८ सालीं कर्नाटकांतील गंगामूळच्या रानांत जन्मलेल्या या मुलीस संस्कृत शिकविलें तें तिच्या आईनें, आणि आईस शिकविलें होतें वडिलांनीं, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनीं. पहांटेच्या अंधारांत मुलीस जागी करून पाठ देणाऱ्या त्या आईचें चित्र फार गोड आहे. तोंडपाठ विद्येचें बळ केवढें, हें १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं पाहिलें आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण तत्पूर्वींच दुष्काळानें आईबाप नेले होते. आणि आपणांस पोट भरण्याजोगें कोणतेंच लौकिक शिक्षण मिळालें नव्हतें, हें या बाईनें पुढें स्पष्ट लिहून ठेविलें. घरच्या शिक्षणाची कड घेणाऱ्यांनीं हें वाक्य ओलांडून पुढें जाऊं नये. घर आपणांस प्रिय असलेली विद्या मुलास भरभरून देतें. आपणांस जी ठाऊक नाहीं तिची उणीव घरास जाणवतही नाहीं.

चौथा साक्षीदार आमच्याच मराठवाड्याचा. निजामी राजवटींत या भागाची वरिष्ठ विद्या उर्दूंतून चाले; १९१८ सालीं निघालेलें उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचें. तेव्हां मराठीचा सखोल अभ्यास पुष्कळांस शाळेबाहेरच करावा लागे. नरहर कुरुंदकर १९३२ सालीं नांदापूरचे जन्मलेले. शिकावयास हैदराबादेस गेले, मामा डॉ. नांदापूरकर हे मराठीचे मोठे अभ्यासक. भाच्यानें वाचन अफाट केलें आणि इंटरच्या परीक्षेंत तो पुनःपुन्हां नापास झाला. पुढें हेच कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजांत प्राध्यापक व प्राचार्य झाले, आणि १९८२ सालीं निधन होईपर्यंत मराठी विचारविश्वांत दबदबा राखून राहिले. या नापासीची गोष्ट आमचे विद्यार्थी फार आवडीनें सांगतात. त्यांना आम्ही एवढेंच विचारतों, कीं परीक्षा सोडणें सोपें. तें वाचन कोण करणार? शिवाय वाद घालावयास घरींच विद्वान् मामा असणें हा लाभ सर्वांच्या वांट्यास येत नाहीं.

या चौघांविषयीं एक गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. घरीं किंवा वर्गाबाहेर शिकलेल्या या माणसांच्या हातीं जेव्हां सत्ता किंवा साधनें आलीं, तेव्हां त्यांतील तिघांनीं काय केलें? पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें. रमाबाई रानड्यांनीं पुण्याच्या सेवासदनांत आपलें उत्तरायुष्य वेंचलें आणि प्रौढ स्त्रियांना वर्गांत बसविलें. कुरुंदकर जन्मभर फळ्यासमोर उभे राहिले. घर हीच शाळा असें ज्यांच्याविषयीं म्हणावें, त्यांनींच घराबाहेर शाळा उभारल्या किंवा चालविल्या. कारण घर किती देतें आणि कोठें थांबतें, याचा अनुभव त्यांच्याइतका दुसऱ्यास नव्हता.

हा विचार आम्हांस केवळ पुस्तकी म्हणून सुचलेला नाहीं. औशाचा एक विद्यार्थी दहावीनंतर घरीं शिकण्याचा सल्ला विचारावयास आमच्याकडे आला होता. मुलगा वाचणारा, प्रश्न विचारणारा. त्यास आम्हीं उत्तेजनच दिलें. बोलतां बोलतां कळलें, कीं वडिलांनीं या कल्पनेस तत्काळ रुकार दिला आहे आणि त्याच ओघांत आठवींतील धाकट्या बहिणीचीही शाळा बंद करून तिला ‘घरींच शिकविण्याचें’ योजिलें आहे. आम्ही सावध झालों. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत वीस ते चोवीस वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं अठरा वर्षें पुरी होण्याआधीं विवाह झालेल्यांचें प्रमाण महाराष्ट्रांत शेंकडा सुमारें २२ भरलें, आणि मराठवाड्यांतील कित्येक जिल्हे त्याच्याही पुढें आहेत. २०२० च्या मार्चांत साथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां ‘घरचें शिक्षण’ या गोंडस नांवाखालीं किती मुलींच्या हातीं पुस्तकाऐवजीं लाटणें आलें, हें खेड्यांतील शिक्षकांस विचारावें. तोच शब्द भावाच्या तोंडीं स्वातंत्र्याचा असतो आणि बहिणीच्या कपाळीं दाराच्या कडीचा! रमाबाईंच्या वाड्यांतील बायकांना मुलीनें घरीं असण्याविषयीं तक्रार नव्हती. तक्रार होती ती तिच्या हातांतील पुस्तकाविषयीं.

कायदाही या बाबतींत गुळमुळीत आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वयाच्या मुलास शाळेंत घालणें हें पालकांचें कर्तव्य म्हटलें. न घातल्यास शिक्षा सांगितली नाहीं, आणि घरच्या शिक्षणास उघड मान्यताही दिली नाहीं. आम्हीं त्या गृहस्थांस स्पष्ट सांगितलें, कीं मुलाचें तुम्ही व तो मिळून ठरवा. मुलीस मात्र शाळेंत जाऊं द्या, आणि दोघांनाही समान न्याय हवा असेल तर मुलासही तिच्याबरोबर पाठवा. ते थोडे नाराज झाले. मुलगी सध्यां शाळेंत जाते.

मुलास आम्हीं दिलेला सल्ला थोडक्यांत असा. बाहेरून बारावीस बसावयाचें तर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज वेळेवर भरावा. नाहीं तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची वाट धरावी. कागदाकडे दुर्लक्ष करणारा बंडखोर शेवटीं कारकुनाच्या खिडकीपाशीं रडतो. सकाळचे तीन तास घरच्यांच्या संमतीनें राखून ठेवावेत आणि ते आजीसही ठाऊक असावेत. आठवड्यांतून एकदां कोणा तरी जाणत्या माणसास आपलें लिखाण दाखवावें, मग तो जवळच्या शाळेचा निवृत्त मास्तर असला तरी चालेल. आणि गांवांतील कान बंद ठेवूं नयेत. औशाच्या नाथ संस्थानांत चक्रीभजनाची परंपरा आहे. तेथें कोणी फळा लावीत नाहीं, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या ताल आणि पदें पोंचत आलीं आहेत. लक्ष्मीबाई अशाच ठिकाणीं बसल्या असत्या.

पुस्तकें त्यानें आमच्याकडून दोन नेलीं. रमाबाईंचें त्यानें वाचून परत केलें. ‘स्मृतिचित्रे’ अद्याप आलें नाहीं, कारण तें त्याची बहीण वाचीत आहे असा निरोप आहे.