सुटकेनंतरची वर्षं

युद्धात घर गमावलेल्या मुलांवरचे चित्रपट एकापाठोपाठ एक पाहत गेलं की एक गोष्ट खटकू लागते. बहुतेक चित्रपट मूल वाचलं की संपतात. बॉम्ब पडतात, आईवडील जातात, मूल रस्त्यावर येतं, कुणीतरी त्याला उचलून घेतं आणि पडद्यावर अंधार होतो. आपण डोळे पुसत बाहेर पडतो. पण त्या मुलाच्या दृष्टीने पाहिलं तर खरा प्रश्न आता कुठे सुरू होणार असतो. मी कुणाचा? या घरातल्या ताटावर, अंथरुणावर, भाषेवर माझा हक्क आहे का? सिनेमा या प्रश्नापाशी क्वचितच थांबतो, आणि जिथे थांबला तिथेच त्याच्या हातून टिकणारं काम झालं, असं माझं मत आहे.

हा साचा दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच पडला. फ्रेड झिनेमन यांचा ‘द सर्च’ (1948) जर्मनीतल्या खऱ्याखुऱ्या पडक्या शहरांत चित्रित झाला. ढिगारे अजून उपसायचे होते. छळछावणीतून वाचलेला कारेल हा चेक मुलगा कुठल्याही प्रश्नाला ‘माहीत नाही’ एवढंच जर्मनमधून उत्तर देतो. मुलांना रुग्णवाहिकेतून दुसऱ्या केंद्रात नेलं जात असताना आत धुराचा वास येतो आणि घाबरलेली मुलं गाडीतून उड्या टाकून वाट फुटेल तिकडे पळत सुटतात. बंद गाडी आणि वास म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असतं. मदत करणाऱ्यांच्या गणवेशाचीही त्यांना भीती वाटते, हे झिनेमन यांनी अचूक टिपलं आहे. त्यांचे स्वतःचे आईवडील नाझींच्या हत्याकांडात बळी पडले होते. त्यामुळे असेल, पण या पूर्वार्धात भावुकतेचा लवलेश नाही.

उत्तरार्धात एक अमेरिकी सैनिक मुलाला घरी आणतो, इंग्रजी शिकवतो, जिम म्हणून हाक मारू लागतो आणि अमेरिकेला न्यायचं ठरवतो. तिकडे आई एकेक छावणी पालथी घालत असते. शेवटी दोघांची भेट होते, आणि तिथेच चित्रपट आटोपतो. नवं नाव आणि नवी भाषा घेतलेला हा मुलगा आईच्या हाताशी पुन्हा कसा रुळला? ज्या माणसाने त्याला बोलतं केलं त्याची आठवण त्याने कुठे ठेवली? चित्रपट इकडे वळत नाही. कारेलची भूमिका करणाऱ्या इव्हान यांडलला या कामासाठी खास ऑस्कर मिळालं. जगाला पुनर्भेट हवी होती, ती मिळाली.

रने क्लेमाँ यांच्या ‘फॉरबिडन गेम्स’मध्ये (1952) अशी दिलासा देणारी भेट नाही. जून 1940 मध्ये पॅरिस सोडून निघालेल्या लोंढ्यावर विमानांतून गोळीबार होतो आणि पाच वर्षांच्या पोलेतचे आईवडील जागच्या जागी मरतात. ती मेलेलं कुत्र्याचं पिल्लू कवटाळून चालू लागते. एक शेतकरी कुटुंब तिला ठेवून घेतं. त्या घरातला मिशेल आणि ती मिळून मेलेल्या प्राण्यांचं स्मशान उभारतात आणि त्यासाठी चक्क थडग्यांवरचे क्रूस चोरतात. मोठ्यांना हा पोरखेळ पापाचा वाटतो. क्लेमाँ यांना मात्र त्यात मुलीने स्वतःच्या हाताने उभी केलेली एक जागा दिसते. आईबापांना तिने कुठे पुरलेलं नाही, म्हणून ती इतर सगळ्यांना पुरत सुटते. अखेर गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून तिला रेडक्रॉसच्या हवाली केलं जातं, आणि स्टेशनवरच्या गर्दीत कुणीतरी ‘मिशेल’ अशी हाक मारल्यावर ती धावत सुटते. संस्थेच्या कागदावर पोलेतची सोय लागलेली असते. तिचं ज्याच्याशी नातं जुळलं तो मुलगा मात्र त्या कागदात बसत नाही.

या प्रश्नाला सर्वांत धीटपणे भिडले ते इराणचे बहराम बेझाई. ‘बाशू’ हा चित्रपट त्यांनी इराण-इराक युद्ध चालू असताना केला आणि तो 1989 पर्यंत प्रदर्शित होऊ शकला नाही. खुझेस्तानातला बाशू बॉम्बफेकीत घरदार गेल्यावर एका ट्रकमध्ये लपतो आणि उतरतो तो थेट उत्तरेला, गिलानच्या हिरव्यागार भातखाचरांत. तो अरबी बोलतो, काळासावळा आहे. गाव गिलकी बोलतं, गोरं आहे. दोन मुलांची आई असलेली नाई त्याला घरात घेते. तिचा नवरा रोजगारासाठी परगावी गेलेला. एका प्रसंगी ती त्याला पाण्यात बसवून साबणाने खसाखसा घासते. हा रंग मळाचाच असणार, अशी तिची प्रामाणिक समजूत असते. रंग काही जात नाही. ती हात थांबवते आणि त्याला आहे तसा घरात ठेवते. प्रेम आणि अडाणीपणा एकाच हाताने साबण फिरवताना दाखवणं सोपं नाही. सुसन तस्लिमी यांनी ते विलक्षण ताकदीने केलं आहे.

गावातली मुलं बाशूला छळतात. मारामारीच्या ऐन भरात तो शाळेचं पाठ्यपुस्तक उचलतो आणि त्यातला देशाबद्दलचा धडा फारसीत मोठ्याने वाचू लागतो. सगळे थबकतात. पुस्तकात तरी तो त्यांच्यातलाच आहे! पण बेझाई या विजयावर समाधान मानत नाहीत. पुस्तकातलं नागरिकत्व मिळालं म्हणून कुणी चुलीपाशी जागा देत नाही. ती बाशूला मिळते ती कामाने आणि सेवेने. नाई तापाने फणफणते तेव्हा तो आपल्या दक्षिणेकडच्या रीतीप्रमाणे वाद्य बडवून तिच्या जिवासाठी आकांत मांडतो. गावाला तो गोंगाट वाटतो. पण इथे पहिल्यांदा घेणारा बाशू देणारा झालेला असतो. नवरा परततो तो एक हात गमावून, आणि घरातल्या तिन्ही जखमी माणसांना एकमेकांची गरज आहे हे आपल्याला न सांगता कळतं.

आपल्याकडे फाळणीवर सिनेमा झाला, पण मुलं त्यात बहुतेक वेळा कडेवर किंवा कडेला असतात. याला सणसणीत अपवाद ऋत्विक घटकांचा ‘सुवर्णरेखा’. 1962 मध्ये पूर्ण झालेला हा चित्रपट 1965 मध्ये लोकांपुढे आला, आणि त्याच सुमारास घटक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला होते. कलकत्त्याच्या निर्वासित वसाहतीत अभिरामची आई त्याच्या डोळ्यांदेखत ओढून नेली जाते. ईश्वर त्याला आपल्या धाकट्या बहिणीबरोबर, सीतेबरोबर, वाढवतो. नोकरीच्या निमित्ताने तिघं सुवर्णरेखेच्या काठी येतात. तिथे महायुद्धातली एक ओसाड धावपट्टी आहे. दोन्ही मुलं तिच्यावर खेळतात. एकदा एकटी सीता चालत असताना कालीचं सोंग घेतलेला बहुरूपी अचानक तिच्यापुढे उभा ठाकतो. मुलीची पाचावर धारण बसते. युद्ध संपून वर्षं लोटली तरी मुलांचं अंगण युद्धाच्या जागेवरच आहे, हे घटकांनी एका शब्दाविना दाखवलं.

घटकांचं मोठेपण यात की ते इथे थांबत नाहीत. मुलं मोठी होतात, एकमेकांवर प्रेम करतात. मग वर्षांनंतर एका स्टेशनवर मरणासन्न बाई दिसते आणि अभिराम आपल्या आईला ओळखतो. तिच्याबरोबर त्याची जातही उघडी पडते. ज्या ईश्वरने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं त्याच्याच घराचं दार आता बंद होतं. झिनेमन यांच्याकडे जी पुनर्भेट सुखाचा शेवट ठरते, तीच घटकांकडे दुसऱ्या विस्थापनाची सुरुवात होते. माझ्या लेखी या विषयावरचं यापेक्षा खोल विधान जागतिक सिनेमात नाही. आपल्या समीक्षेने ‘सुवर्णरेखा’ फाळणीच्या खात्यात टाकला आणि बालपणाचा चित्रपट म्हणून फारसा वाचला नाही, याची मला खंत वाटते.

क्लाउस हॅरो यांचा ‘मदर ऑफ माइन’ (2005) याच जातीचा, थोडा मवाळ. युद्धकाळात फिनलंडने सत्तर हजारांच्या आसपास मुलं सुरक्षिततेसाठी शेजारच्या देशांत, मुख्यतः स्वीडनमध्ये, धाडली. त्यांतल्या एरोला सुरुवातीला फटकून वागणारी पालक आई हळूहळू जवळची होते, आणि जन्मदात्या आईकडे परतणं हीच मग त्याची शिक्षा होऊन बसते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पडद्यावरचं विस्थापित मूल अधिक खरं झालं आहे. बहमन घोबादींच्या ‘टर्टल्स कॅन फ्लाय’मधली (2004) कुर्दी मुलं भूसुरुंग काढून विकतात. ती नट नाहीत, त्याच मुलखातली आहेत. नदीन लबाकींच्या ‘कपरनॉम’मध्ये (2018) झैन आईबापांवर खटला भरतो, जन्माला घातलं म्हणून. दोन्ही चित्रपट हादरवतात. तरी ‘कपरनॉम’बद्दल माझी तक्रार आहे. मुलाला आरोपकर्ता केलं की प्रेक्षक न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो आणि निर्दोष सुटतो. शिवाय झैनची भूमिका करणारा झैन अल रफीआ हा स्वतः सीरियातून बैरूतला आलेला निर्वासित, आणि पडद्यावर त्याला लेबनीज मुलगा व्हावं लागलं. पुढे तो कुटुंबासह नॉर्वेत स्थायिक झाला. तिथल्या शाळेत, बर्फात, अरबी न समजणाऱ्या वर्गात त्याचं काय झालं असेल, तो चित्रपट मला पाहायचा आहे.

त्याच्या जवळपास पोहोचतो तो योनास पोहर रासमुसेन यांचा ‘फ्ली’ (2021). काबूलमधून निसटून डेन्मार्कला पोहोचलेल्या मुलाला सांगावं लागतं की घरचे सगळे मेले. ते जिवंत असतात. आसरा मिळावा म्हणून तो अनाथ होतो आणि हे खोटं प्रौढ वयापर्यंत वागवतो, जवळच्या माणसापासूनही लपवतो. त्याची ओळख झाकण्यासाठी रेखाटनं वापरली आहेत, आणि जिथे आठवण बोलायला कचरते तिथे रेषाही विरळ होत जातात. तंत्र आणि आशय इतके एकजीव झालेले क्वचित दिसतात.

मराठी सिनेमाला या विषयासाठी लांब जायला नको. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकललेली ही माणसं इराणमार्गे इथवर आली. बराकींत शाळा भरल्या, चर्च उभं राहिलं, स्काउट पथकं निघाली, नाटकं झाली. या मुलांवर माहितीपट झाला, म्हाताऱ्या झालेल्या मुलांनी येऊन जुन्या जागा पाहिल्या, कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारकही आहे. या साऱ्यात सूर कृतज्ञतेचा आहे आणि तो खराच आहे. पण 1948 मध्ये वसाहत मोडली तेव्हा ज्यांचं कळतं वय कोल्हापुरात सरलं होतं, त्यांना पुन्हा उठून इंग्लंडला, पोलंडला जाताना काय वाटलं? त्यांनी कुठलं गाव आपलं म्हणून मनात नेलं?

आणि पोलिश गेल्यावर त्याच जागी फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं वसवली गेली. आजचं गांधीनगर, कापडाची घाऊक बाजारपेठ म्हणून सगळा दक्षिण महाराष्ट्र ज्याला ओळखतो, ते हेच. एकाच जमिनीवर दोन युद्धजन्य स्थलांतरांची मुलं पाठोपाठ वाढली. एका पिढीने ती जागा सोडली, दुसरीने ती आपली केली, कोल्हापुरी मराठी बोलत दुकानं थाटली. त्यांतली जी आज हयात आहेत ती ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. एखाद्या दिग्दर्शकाला त्यांच्या तोंडून ऐकायचं असेल तर त्याने कॅमेरा घेऊन याच हिवाळ्यात गांधीनगरला जावं.