चित्रपट-नेपथ्याचे ग्रंथ आणि त्यांचीं साधनें

जी वस्तु मुळांतच टिकण्यासाठीं केलेली नसते तिचा इतिहास कसा लिहावा, हा प्रश्न साधनसंग्राहकांना नवा नाहीं. उत्सवाचा मांडव, लग्नाचें मखर, स्वारीबरोबर फिरणारे डेरे यांविषयीं आपण जें कांहीं जाणतों तें हिशेबाच्या यादी, पत्रें आणि क्वचित् एखादें चित्र यांवरून. चित्रपटासाठीं उभारलेला देखावा याच जातीचा आहे. लांकूड, कापड, गिलावा व रंग यांनीं एक नगर उभें करावयाचें, यंत्रानें त्याची छाया टिपून घ्यावयाची, आणि काम संपतांच तें मोडून टाकावयाचें, असा हा व्यवहार. या कलेच्या इतिहासावर गेल्या पाऊणशें वर्षांत युरोप-अमेरिकेंत बरेच ग्रंथ झाले. रसिकांनीं त्यांची वाखाणणी केलेली आहे. त्यांचीं साधनें कोणतीं व तीं कितपत विश्वसनीय, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम शब्दाविषयीं. मराठींत या कलेला 'नेपथ्य' म्हणण्याचा प्रघात आहे. संस्कृत नाट्यग्रंथांत नेपथ्य म्हणजे मुख्यत्वें पात्रांची वेषभूषा आणि ती जेथें होते ती पडद्यामागील जागा. भरताच्या नाट्यशास्त्रांत आहार्याभिनयाचे पुस्त, अलंकार, अंगरचना व संजीव असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं 'पुस्त' हा आपल्या विषयाला अधिक जवळचा शब्द होय. चटया, कापड, चामडें इत्यादि पदार्थ जोडून पर्वत, रथ, विमान यांचीं जीं रूपें करावयाचीं तीं पुस्त. यावरून चित्रपटाची कला आपल्याकडे पूर्वींच होती असें अनुमान कोणीं काढूं नये. नेपथ्य हा शब्द रूढ आहे म्हणून तोच पुढें वापरला आहे. वाचकांनीं त्याचा अर्थ मात्र पुस्त असा घ्यावा.

या विषयावरील ग्रंथांत लेऑं बार्साक याच्या ग्रंथाला अग्रस्थान द्यावें लागतें. तो मूळ फ्रेंच भाषेंत १९७० सालीं, म्हणजे ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. १९७६ सालीं एलियट स्टाइन यानें संस्कारून त्याची इंग्रजी आवृत्ति काढली. बार्साक हा स्वतः नामांकित नेपथ्यकार. त्यामुळें खोटी भिंत छायायंत्रासमोर खरी कां दिसते, आणि खरी भिंत तेथें कित्येकदां खोटी कां वाटते, हें तो कारागिराच्या अधिकारानें सांगतो. असा अधिकार केवळ पुस्तकी पंडिताला येत नाहीं. परंतु इंग्रजी आवृत्तीला जें नवें नांव मिळालें तें विचारणीय आहे. मूळ नांव सरळ 'चित्रपटाचें नेपथ्य' अशा अर्थाचें; इंग्रजींत त्याऐवजीं 'कॅलिगारीची पेटी' पुढें आली. ज्या एका चित्रपटाचें नेपथ्य सर्वांहून निराळें तोच सर्व कलेचा प्रतिनिधि ठरला. आणि या चित्रपटाविषयींची परंपराच कशी डळमळीत आहे हें पाहण्यासारखें आहे.

'डॉक्टर कॅलिगारीची पेटी' हा मूक जर्मन चित्रपट बर्लिन येथें २६ फेब्रुवारी १९२० रोजीं प्रथम दाखविला गेला. कथा हान्स यानोविट्स व कार्ल मायर यांची. दिग्दर्शक रॉबर्ट वीने. नेपथ्यकार तिघे, हर्मान वार्म, वाल्टर राइमान आणि वाल्टर रोरिग. यांतील घरें कललेलीं, खिडक्या तिरप्या, रस्ते सुरीच्या पात्यासारखे निमुळते. आणि सर्वांत विशेष हें कीं, उजेड व सावल्या दिव्यांनीं पाडण्याऐवजीं पुष्कळ ठिकाणीं कापडावर रंगानेंच काढलेल्या आहेत. ही कल्पना कोणाची, हा वाद. वार्म याच्या सांगण्याप्रमाणें तिघांनीं मिळून संहिता वाचली आणि राइमान यानें ही शैली सुचविली. वीने यानें श्रेय स्वतःकडे घेतलें. यानोविट्स म्हणे, आल्फ्रेड कुबिन या चित्रकाराकडून देखावे करवून घ्यावे अशी आपलीच मूळ इच्छा होती. एका वस्तूचे इतके जनक निघाले म्हणजे संशोधकानें सावध व्हावें. राइमान १९३६ सालीं वारला, वीने १९३८ सालीं, रोरिग १९४५ सालीं. वार्म मात्र १९७६ पर्यंत जगला. जो मागें उरतो त्याची स्मृति पुढें इतिहास म्हणून वाचली जाते, याचें हें ठळक उदाहरण आहे. वार्म खोटें बोलला असें यावरून सिद्ध होत नाहीं; उलट त्यानें मुख्य कल्पनेचें श्रेय राइमानला दिलें, हें त्याच्या साक्षीच्या बाजूचेंच आहे. पण साक्ष ती साक्ष, दस्तऐवज नव्हे.

या वादाला खरें वजन आलें तें सीगफ्रीड क्राकाउअर याच्या १९४७ सालच्या ग्रंथामुळें. कॅलिगारीपासून हिटलरपर्यंत जर्मन मनाचा इतिहास चित्रपटांवरून वाचावा, अशी त्याची प्रतिज्ञा. मूळ कथा सत्तेविरुद्ध बंडाची होती. दिग्दर्शकानें लेखकांच्या इच्छेविरुद्ध तिच्याभोंवतीं एक कथामुख रचलें, कथा सांगणारा तरुणच वेडा ठरविला, आणि बंडाचें रूपांतर शरणागतींत झालें, असें तो म्हणतो. एका राष्ट्राच्या अधःपाताचें निदान ज्या पायावर उभें केलें तो पाया कोणता? यानोविट्स यानें मागाहून लिहिलेलें एक अप्रकाशित टिपण! त्याचा सहलेखक मायर १९४४ सालीं निवर्तला होता आणि वीने त्याच्याहि आधीं. एका पक्षाची कैफियत घेऊन, दुसऱ्या पक्षाच्या पश्चात्, निवाडा दिला गेला, आणि तो तीस वर्षें ग्रंथांतून उतरत राहिला.

पुढें काय झालें तें या त्रैमासिकाच्या वाचकांना विशेष रुचेल. कॅलिगारीची भूमिका करणारा नट वेर्नर क्राउस यानें आपल्याजवळची संहितेची प्रत जपून ठेवली होती. तो जिवंत असेतों ती त्यानें कोणाला दिली नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर १९७८ सालीं बर्लिनच्या चित्रपट-संग्रहालयानें ती विकत घेतली आणि १९९५ सालीं ती संपूर्ण छापली गेली. तींत काय निघालें? कथामुख आहे! मात्र तें वेड्यांच्या इस्पितळाचें नव्हे. फ्रान्सिस व जेन हें जोडपें पुष्कळ वर्षांनंतर आपल्या घरीं जमलेल्या स्नेह्यांना जुनी हकीकत सांगतें, असें तें आहे. म्हणजे लेखकांच्या कथेला चौकटच नव्हती हें विधान कोसळलें. पण चौकटीचें स्वरूप मागाहून पालटलें हेंहि तितकेंच खरें ठरलें. क्राकाउअर सर्वस्वीं चुकला असें म्हणणें जितकें उतावीळपणाचें, तितकेंच त्याचें म्हणणें जसेंच्या तसें उतरून घेणेंहि आतां अक्षम्य आहे.

नेपथ्याच्या दृष्टीनें या प्रतींतील दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. संहितेंत टेलिफोन आहे, तारा आहेत, विजेचे दिवे आहेत. चित्रपटांत यांपैकीं कांहीं नाहीं. लेखकांनीं कथा आपल्या काळांत कल्पिली होती. पडद्यावर ती कोणत्याच काळांतली राहिली नाहीं. कललेल्या घरांच्या त्या नगरांत टेलिफोन शोभला नसता. लिहिलेल्या संहितेंत नसलेला आणि चित्रपटांत ठसठशीत दिसणारा हा फरक नेपथ्याच्या वाटेनेंच आला, असें म्हणण्यास बळकट आधार आहे. कोणाच्याहि आठवणीवर न विसंबतां, केवळ संहिता व चित्रपट हे दोन पाठ शेजारीं ठेवून, नेपथ्यकारांचा वांटा असा दाखवितां येतो. प्रस्तुत लेखकाच्या मतें या सर्व वादांतून हातीं येणारें हें सर्वांत मोलाचें फळ होय. तिघांपैकीं कोणी काय केलें हें त्यावरून कळत नाहीं, आणि तें कळल्याचा आव आणूंहि नये.

हें काम ज्यानें थोडक्यांत व समतोलपणें केलें तो ग्रंथकार डेव्हिड रॉबिन्सन. त्याचें १९९७ सालचें पुस्तक छोटेखानी आहे. संहितेच्या आधारें तो प्रत्येक दावेदाराचें म्हणणें तपासतो आणि कुबिनच्या कथेसारख्या आख्यायिकांना आख्यायिका म्हणतो. उली युंग व वाल्टर शाट्सबर्ग यांनीं वीनेच्या एकंदर कार्याचा ग्रंथ लिहून, ज्याच्या बाजूनें बोलणारा कोणी उरला नव्हता त्याला न्याय देण्याचा यत्न केला. या दोन्ही ग्रंथांचें वळण आपल्या पाठचिकित्सेच्या वळणासारखें आहे.

चार्ल्स व मिरेला अॅफ्रन यांचा १९९५ सालचा ग्रंथ निराळ्या जातीचा. कथेशीं नेपथ्याचा संबंध किती घट्ट, यावरून त्यांनीं पांच वर्ग पाडले: केवळ स्थळ सांगणारें नेपथ्य, मोक्याच्या जागीं लक्ष वेधणारें, शोभा वाढविणारें, आपली कृत्रिमता मिरविणारें, आणि स्वतःच कथा बनणारें. वर्गीकरण सुबोध आहे. अलंकारशास्त्र पढलेल्यास तें आवडेलहि. पण अलंकारांचे वर्ग करण्यापूर्वीं श्लोक कोणाचा व पाठ शुद्ध कीं अशुद्ध हें ठरवावें लागतें. कॅलिगारीसारखा चित्रपट चौथ्या वर्गांत सहज बसतो. परंतु तो कोणाच्या हातून तसा झाला, हें वर्गाच्या नांवावरून समजत नाहीं. ग्रंथाचा हा दोष नव्हे, मर्यादा होय.

आतां चित्रांविषयीं. नेपथ्याचा ग्रंथ म्हटला कीं त्यांत नेपथ्यकारांनीं काढलेलीं चित्रें आलींच, आणि वाचक तीं मूळ आराखडे समजून पाहतो. वस्तुतः वार्म यानें उतारवयांत कॅलिगारीचे देखावे आठवणीनें पुन्हा रेखाटले. तीं चित्रें सुंदर आहेत, त्यांचें मोलहि आहे. परंतु १९१९ सालचा आराखडा आणि अनेक दशकांनंतरची त्याच हाताची आवृत्ति यांत मूळ पोथी व मागाहून उतरलेली नक्कल एवढें अंतर आहे. दुसऱ्यांत पहिल्यावर झालेली स्तुति, टीका आणि वाद यांची छाया पडणें अपरिहार्य. म्हणून अशा प्रत्येक चित्राखालीं तें चित्रीकरणापूर्वीं काढलें कीं नंतर, हें छापलें पाहिजे. जो ग्रंथ हें सांगत नाहीं त्यांतील चित्रें पुरावा म्हणून घेऊं नयेत.

याउलट खुद्द चित्रपटाची मूळ प्रत हें अव्वल साधन. २०१४ सालीं मुर्नाऊ प्रतिष्ठानानें कॅलिगारीचा जीर्णोद्धार केला, त्या वेळीं छायायंत्रांतून निघालेली मूळ नकारप्रत आधारास घेतली. तिचा पहिला अंक गहाळ होता. तो अन्य प्रतींवरून पूर्ण करावा लागला. खंडित पोथीची पूर्ति कशी करतात हें जाणणाऱ्यास ही पद्धति परकी वाटणार नाहीं. या स्वच्छ प्रतींत देखाव्यांवरील कुंचल्याचे फटकारे डोळ्यांना दिसतात. शंभर वर्षांपूर्वीं मोडून टाकलेल्या कापडाची इतकी चांगली साक्ष दुसरी नाहीं.

शेवटीं पुष्पिकेचा प्रश्न. पोथीच्या अखेरीस लेखकाचें नांव येतें, तशी चित्रपटाच्या आरंभीं श्रेयनामावलि येते, आणि दोन्ही ठिकाणीं फसगत सारखीच. अमेरिकेंतील मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेंत सेड्रिक गिबन्स हा नेपथ्यविभागाचा प्रमुख होता. संस्थेच्या चित्रपटांवर आपलें नांव असावें असा करारच त्यानें केला होता; त्यामुळें सुमारें दीड हजार चित्रपट त्याच्या नांवावर जमा आहेत. अठरा पुराणें एका व्यासांच्या नांवावर असावीं तसाच हा प्रकार! उलट बाजूचें उदाहरण बार्साकच्याच चरित्रांत आहे. १९४५ सालच्या 'स्वर्गाचीं मुलें' या फ्रेंच चित्रपटाच्या वेळीं जर्मनांचा अंमल होता आणि आलेक्सांद्र ट्राउनर हा ज्यू नेपथ्यकार लपून राहिला होता. त्यानें लपूनच देखाव्यांचे आराखडे केले आणि उघड काम बार्साकनें पाहिलें. चित्रपट प्रकट झाला तेव्हां ट्राउनरनें गुप्तपणें साहाय्य केल्याचें नामावलींतच नमूद झालें. एका पुष्पिकेंत न केलेल्याचें नांव, दुसरींत लपलेल्याचें नांव. ग्रंथकारानें दोन्ही सारख्याच विश्वासानें उतरून घेतलीं तर एकीकडे शेंकडों कारागीर नाहींसे होतात.

हें सर्व परक्या देशांचें असलें तरी त्याचा बोध आपल्यालाहि घेण्यासारखा आहे. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या हाताखालीं तयार झालेले दामले व फत्तेलाल 'प्रभात'च्या संस्थापकांपैकीं होते. ती संस्था १९२९ सालीं कोल्हापुरास निघाली, १९३३ सालीं पुण्यास आली, आणि तिच्या नेपथ्याची कीर्ति झाली. तीं नगरें व तीं मंदिरें आज नाहींत. जुने ज्वालाग्राही चित्रपटहि सुरक्षित नसतात. २००३ सालच्या पुण्यांतील आगीनें तें कटुपणें शिकविलें. अशा वेळीं एखाद्या सुताराच्या हिशेबाची वही, एखादा आराखडा, नटाच्या पेटींतील संहिता, हींच साधनें उरतात. क्राउसची प्रत कोणीं रद्दींत घातली असती तर क्राकाउअरचा निवाडा आजहि तसाच चालू राहिला असता.

म्हणून संग्राहकांस एवढीच विनंती कीं, जुन्या दप्तरांबरोबर असे कागद हातीं आल्यास ते अर्वाचीन म्हणून बाजूस टाकूं नयेत. कागद कोणाकडून आला, केव्हां आला, चित्र असल्यास तें कामापूर्वींचें कीं नंतरचें, एवढें त्यावर टिपून ठेवावें. ग्रंथ मागाहून लिहितां येतील. न टिपलेली माहिती मागाहून मिळत नाहीं.